आपरेशन कशाचं झालतं?

चारा छावणी, ता. आष्टी
११ मार्च २०१३

रामहरी मेव्हणे यांना बिभीषणचा रामराम.

पत्र बघून हसू नका. दोन डाव फोन लावून बघितला. तुमचं बोलणं मला ऐकू येत न्हाई, अन् मी बोलाय लागलो की सगळी छावणी कान टवकारती. ही गोष्ट वरडून सांगायची न्हाई. ताराला बी अर्धीच सांगितली हाय. बहीण तुमची हाय, एक शब्द कळला की ती सात घरं रडत हिंडंल.

इकडं तलावाच्या तळाला असल्या बाभळी उघड्या पडल्यात ज्या मी उभ्या जन्मात बघितल्या नव्हत्या. दूध संघानं माळावर छावणी टाकली अन् मला रिटायर झालेल्याला परत बोलावलं. म्हणले, जनावराचं दुखणं तुज्याइतकं कुणाला कळतंय. अकराशे जनावरं हायेत. सकाळी टँकर, मंग ऊस, मंग पेंड. दिवस कसा जातो कळत न्हाई.

आता असल गोष्ट. लघवीला लई येळ लागाय लागलता. नगरच्या डॉक्टरनं रगत तपासलं, मंग मागून सुई घालून तुकडे काढले. प्रोस्टेटचा कॅन्सर म्हणला. लघवीच्या पिशवीखाली दर पुरुषाला एक बारकी गाठ असती म्हणं, त्या गाठीत झालाय. बाहेर पडला न्हाई, हाडात गेला न्हाई. लवकर सापडला, पुण्याला जाऊन ती गाठच काढून टाका, वाचताल, म्हणला. मी इचारलं, काढल्यावर काय ऱ्हातं? तर तो कागदात बघत म्हणला, ते पुण्याचे डॉक्टर सांगतील. तवाच मी समजलो.

मी तीस वर्सं काय काम केलं ते तुमाला ठावं हाय. तालुक्यात कुणाला गोऱ्हा औताला लावायचा झाला की संघाच्या जनावराच्या दवाखान्यातून बिभीषणला बोलवायचं, चिमटा घिऊन. रगत न्हाई, जखम न्हाई. कातड्यावरून नस दाबायची, आत कट् असा आवाज येतो अन् गोऱ्ह्याचा बैल होतो. चिमटा काढला की मी दर गोऱ्ह्याच्या कानात म्हणायचो, "माफ कर राजा, लई जगशील." माझ्या बापाची शिकवण. आता छावणीतले निम्मे बैल माझ्या हातचे. दुपारच्याला रवंथ थांबवून माझ्याकडं बघायलेत. मला माणसाचं बोलणं ऐकू येत न्हाई मेव्हणे, पर तो कट् आवाज येतो. भर दुपारी येतो. चिमटा पेटीत असतो, पेटीला कुलूप असतं. त्यांनी मला वळखलंय. आता माझी पाळी.

माझा थोरला, बंकटभाऊ, ह्याच दुखण्यानं गेला. त्यानं आपरेशन केलं न्हाई. कावून केलं न्हाई ते मला आता कळाया लागलंय.

तुमी सात वर्सांखाली पुण्याच्या त्याच दवाखान्यात हर्नियाचं आपरेशन करून आलताव. तिथं असली माणसं बघितली असतील. त्या आपरेशननंतर माणूस माणूस ऱ्हातो का, एवढंच सांगा. चाळीस वर्सं डेअरीवर बसून दुधातलं पाणी पकडलंत, तुमी खोटं लिवणार न्हाईत म्हून तुमाला इचारतो.

तुमचा,
बिभीषण


युसूफ वडगाव
१७ मार्च २०१३

दाजी, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. आधी तुमच्या बैलांचं. चिमटा लागतो ती जागा वेगळी, ही गाठ वेगळी. ही वर पोटाच्या आत असते. डॉक्टर खालच्या कशालाही हात लावत नाहीत. मिशी झडत नाही, आवाज बदलत नाही. एवढी वर्षं जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काढलीत, छावणीवर ते येतात तेव्हा त्यांनाच विचारा. बैल तुमच्याकडे बघतात कारण पेंडीचं घमेलं तुमच्या हातात असतं.

माझ्या शेजारच्या खाटेवर एक माणूस होता, धुळाजी नावाचा, धारूरकडचा. त्याचं हेच ऑपरेशन झालं. बेंबीखाली टाके पडतात. लघवीची नळी पंधरा-वीस दिवस असते. नळी काढली की गळतं. खोकला आला की गळतं, कळशी उचलली की गळतं. धोतराच्या आत फडकं बांधावं लागतं. पहिले चार महिने वाईट जातात. उठलं की मागे वळून बघायची सवय लागते, बसलेली जागा ओली तर नाही ना. मग हळूहळू कमी होतं. वर्षानंतर फक्त शिंकेला. नवरा-बायकोचं म्हणाल तर ते पहिल्यासारखं राहत नाही, बहुतेकांचं. गोळ्या असतात, त्याला लागू पडल्या नाहीत. त्याची बायको म्हणाली, कुंकू राहिलं हे काय थोडं झालं.

तो आज ठणठणीत आहे. शेतात जातो, सहा महिन्यांनी रक्त तपासतो, काही निघत नाही. दाजी, लवकर सापडणं हे नशीब असतं. सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. ताराला सगळं सांगा. ती रडेल थोडी, मग पिशवी भरायला घेईल.

बंकटबद्दल तुम्ही लिहिलंत. त्याबद्दल मी काय लिहू.

आपला,
रामहरी


चारा छावणी
२८ मार्च २०१३

मेव्हणे, रामराम.

तुमचं दूध मी बी तपासलं. शेजारच्या खाटंवरचा माणूस पंधरा दिवसांत आपल्या घरी जातो. त्याला वर्सानं शिंक आली म्हंजी काय होतं, हे तुमाला वडगावात बसून कसं कळलं? अन् त्याची बायको तुमाला असलं बोलली? आपल्या बायका असलं आपल्याला बोलत न्हाईत. इथं एक टँकरवाला धारूरचा हाय. त्याला इचारलं. त्यानं चार गावात इचारलं. असा धुळाजी कुणाला ठावं न्हाई.

मला बरं वाटावं म्हून तुमी माणूस रचलाव. तुमचा सोभाव चांगला, मी राग धरत न्हाई. पर त्याच्यातून मला उलटं कळलं. असा माणूस असता तर तुमी खराच दाखवला असता. म्हंजी तिथून परत आलेला, जित्ता, चार लोकांत बसणारा माणूस न्हाईच.

गेलेला बंकटभाऊ यायलाय. तारापाशी बोललो न्हाई. सकाळी टँकर आला की बैलांच्या मधी उभा असतो, माझ्याकडं पाठ करून, बाभळीकडं तोंड करून. लघवीला उभा ऱ्हायल्यासारखा. लई येळ उभा असतो. शेवटच्या सालात तो असाच उभा ऱ्हायचा, अन् आमी घरातले उगं दुसरीकडं बघायचो. मी हाक मारली. वळत न्हाई.

पुण्याला जात न्हाई. गेवराईकडं गोदावरीच्या काठाला एक जण पुड्या देतो. भाऊ त्याच्याकडंच जायचा. मी बी तीन महिन्यांच्या आणल्यात. सरल्या की बघू. मरायचं तर अंगातलं सगळं घिऊन मरावं.

बिभीषण


युसूफ वडगाव
३ एप्रिल २०१३

दाजी,

त्या पुड्या फेकून द्या. हे पत्र पूर्ण वाचा आणि मग काय करायचं ते करा.

धुळाजी नाही. तो मी आहे.

मला हर्निया कधीच नव्हता. सात वर्षांखाली मला जे सापडलं तेच तुम्हाला सापडलंय, आणि तितक्याच लवकर. डॉक्टरनं गाठ काढली. फडकं माझं होतं, ओली जागा माझ्याच ओट्यावरची. कुंकवाचं बोलली ती तुमची वहिनी, कडूबाई. सगळ्या गावाला आम्ही हर्निया सांगितलं. ताराला, तुम्हाला, सगळ्यांना. डेअरीवर चार पोरांनी माझ्याकडे बघून हसू नये, एवढ्यासाठी. मी कामावर बसायचो, धोतर घट्ट आवळून, आणि लोकांच्या दुधात पाणी शोधायचो. माझ्या बोलण्यातलं पाणी कुणाला दिसलं नाही.

हे एवढंच असतं तर माझी मला लाज वाटून संपलं असतं. पुढचं ऐका.

ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. बंकट आमच्याकडे आला. न कळवता, एकटा. कडूबाई शेतात गेली होती. घरात आम्ही दोघंच होतो, दाजी. तिसरं कुणी असतं तर मला काही निमित्त तरी राहिलं असतं. तासभर तो इकडचं तिकडचं बोलला, पावसाचं, संघाच्या निवडणुकीचं. चहा झाला. मग खाली बघत म्हणाला, "रामहरी, तुजं आपरेशन कशाचं झालतं बे?"

त्याच्या खिशातून पाकिटाचं टोक बाहेर आलं होतं. पुण्याच्या त्या दवाखान्याचं पाकीट. निळ्या पट्टीचं. तसलं पाकीट माझ्या पेटीत होतं. मला सगळं कळलं. त्याला काय झालंय, तो कशाला आलाय, मी काय सांगितलं तर तो काय करेल, सगळं.

मी म्हणालो, "हर्नियाचं."

तो म्हणाला, "मंग ठीक हाय." त्यानं पाकीट आत सारलं, कपात चहा तसाच ठेवला आणि उठला. मला वाटलं, आठ दिवसांनी जाऊन सांगू. मग वाटलं, सणाला भेटला की सांगू. चार वर्षं गेली. शेवटी तुमच्या अंगणात बाजेवर तो कण्हत पडला होता तेव्हा मी त्याच्या पायाशी बसलो होतो. तेव्हा सांगून काय उपयोग होता? त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुजं बरं हाय." एवढंच म्हणाला.

मलाही तो दिसतो. तुमच्याकडे पाठ करून असतो. माझ्याकडे तोंड करून असतो. रोज सकाळी दूध घालणाऱ्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी, हातात रिकामा कॅन. म्हणून रिटायर झालो तरी मी डेअरीच्या ओट्यावर जाऊन बसतो. न गेलो तर तो घरी येईल असं वाटतं.

मला शिव्या द्या, तोंड बघू नका. पण पुण्याला चला. ज्याला तुम्ही शोधायला धारूरला माणूस पाठवला तो जिवंत आहे. साठीच्या पुढे आलाय आणि रोज दोन भाकरी खातो.

रामहरी


आष्टी
३० एप्रिल २०१३

दादा,

मी तारा. अक्षर समजून घे. तुजं पत्र येऊन महिना झाला. तवापासून हे माझ्याशी बोलत न्हाईत, कुणाशीच न्हाई. पुड्या चुलीत घातल्या. छावणीत एक म्हातारा बैल हाय, त्याच्या म्होरं बसून ऱ्हातेत. जेवाय बोलावलं तर येतेत, अर्धं खातेत.

सदरा धुवाय घेतला तवा खिशात पत्र होतं. वाचलं न्हाई म्हणलं तर खोटं हुईल. वाचलं. तुजा लई राग आला. थोरल्या भावजींना मी हातानं पाणी पाजत होते दादा, शेवटाला तेवढंच जात होतं. तू बी तिथंच बसला होतास.

आता एकच सांगते. मला नवरा जित्ता पायजे. बाकीचं मी कवा मागितलं? ह्या वयात मला काय करायचंय त्याचं. पर हे मला त्यांच्या तोंडावर बोलता येत न्हाई, अन् वरडून तर मुळीच न्हाई. ते तू त्यांना लिव.

तारा


चारा छावणी
९ मे २०१३

रामहरी,

धा डाव पत्र फाडाय घेतलं. फाडलं न्हाई, कारण त्याच्यात भाऊचं बोलणं हाय. "तुजं बरं हाय." हे त्यो मला कवाच म्हणला न्हाई.

दोन अक्षरं बोलायची होती तुमाला. "हेच झालतं." भाऊला धा वर्सं मिळाली असती, पंधरा मिळाली असती. लोकाच्या कॅनात लोटाभर पाणी सापडलं तर सगळा कॅन गटारीत वतायचाव तुमी. बाया रडायच्या, तरी वतायचाव. मला लई अभिमान होता तुमचा. आमचा मेव्हणा म्हंजी सरळ माणूस, असं मी छाती काढून सांगायचो.

भाऊनं माझ्यापाशी कावून इचारलं न्हाई, हे बी मनात येतं. चिमटेवाल्याला काय इचारावं, असं वाटलं असंल.

मी पुण्याला येतो. पर आधी तुमी गेवराईला जायचं. भाऊमागं साखरावैनी तिथं लेकीकडं असती. तिच्या म्होरं बसायचं अन् जे मला लिवलं तेच सांगायचं. पत्र न्हाई, फोन न्हाई, तोंडानं. ते झाल्यावर मला कळवा. तोवर मी हितनं हलत न्हाई. डॉक्टर म्हणतो जून सरायच्या आत करा. तुमच्या हातात हाय किती उशीर करायचा ते.

बिभीषण


युसूफ वडगाव
१९ मे २०१३

दाजी,

काल गेवराईला जाऊन आलो. दोनदा स्टँडावरून परत फिरलो होतो, तेही सांगतो, आता काही ठेवत नाही.

पोहोचलो तर गल्लीत टँकर आला होता. साखराबाईंच्या हातात पाइप होता, चार हंडे, दोन घागरी. मी म्हणालो, मी धरतो. म्हणाल्या, बसा, आधी पाणी, मग बोलणं. मला वाटलं बसलो की धीर जाईल. म्हणून उभ्या-उभ्याच सांगून टाकलं. बंकट आला होता ते. पाकीट बघितलं ते. हर्निया म्हणालो ते. लोक होते आजूबाजूला. ऐकलं असेल त्यांनी.

साखराबाई माझ्याकडे बघत राहिल्या. हंडा भरला, वरून वाहायला लागला. ह्या साली, दाजी, गेवराईत हंड्यावरून पाणी वाहत होतं आणि त्यांनी पाइप काढला नाही. शेवटी शेजारच्या बाईनं ओढून घेतला.

मग म्हणाल्या, "मीच धाडलं होतं त्यांना तुमच्याकडं. मी म्हणले, रामहरी भावजी त्याच दवाखान्यात जाऊन आलेत, त्यांना इचारा. घरी आले अन् म्हणले, त्याचं येगळंच निघालं. माझ्यासारखं कुणाचंच न्हाई."

मी पाया पडायला वाकलो. त्या मागे सरकल्या. "माफी मला मागू नका. ज्याला मागायची त्यो न्हाई." आणि हंडा उचलून आत गेल्या. मला वाटलं झालं. दारातून परत आल्या आणि विचारलं, "बिभीषण भावजींना कवा नेता?"

मी तारीख घेऊन ठेवली आहे. १८ जून.

ताराने मला लिहिलंय. तिला नवरा जिवंत पाहिजे, बाकीचं तिने कधी मागितलं, असं तुम्हाला लिहायला सांगितलंय. तिला तोंडावर बोलता येत नाही. आमच्या घरातली ती खोडच दिसते.

रामहरी


आष्टी
६ सप्टेंबर २०१३

रामहरी मेव्हणे, रामराम.

तुमी पुण्याहून गेल्यावर लिवतो म्हणलो होतो, अडीच महिने झाले. काल पोळा झाला, आज लिवाय बसलोय. खाली फडकं हाय, ताराच्या जुन्या लुगड्याचं. तुमी लिवलं होतं ते एक बी अक्षर खोटं न्हाई. उठलो की मागं बघतो. मागल्या आठवड्यात रगत तपासलं, डॉक्टर म्हणला, काहीच न्हाई, शून्याला टेकलंय. तारानं नारळ फोडला. मी खोबरं खाल्लं अन् खोकला आला. पुढचं तुमाला ठावं हाय.

एक इचारायचं होतं. आपरेशनला आत नेत होते तवा तुमी वाकून माझ्या कानात कायतरी म्हणलाव. डाव्या कानात. त्यो कान साफ गेलाय, मला काही ऐकू आलं न्हाई. पर काय म्हणलाव ते कळलं. मी ते इतक्या डाव म्हणलोय की कानाला लागलेल्या श्वासावरून कळतं. गोऱ्ह्याला कसं वाटत असंल ते बी कळलं. त्याला फकस्त एवढं कळत असंल की कुणीतरी कानापाशी हाय.

तुमच्यावरचा राग गेला असं समजू नका. पर एक गोष्ट झाली ती सांगतो. पुण्याहून आलो तवा वेशीतच एकानं इचारलं, बिभीषणराव, कशाचं आपरेशन? अन् माझ्या तोंडातून निघालं, "मुतखडा." इचार केला न्हाई, जीभ अडखळली न्हाई. तुमच्या नावानं एवढा बोंबललेला मी. तारा माझ्याकडं बघतच ऱ्हायली. मंग मी सगळ्यांना मुतखडाच सांगितला. अडीच महिने.

काल पोळ्याला बैल धुतले. छावणी मोडली, पाऊस बरा झाला, बैल घरोघर गेले. मला वझं उचलायचं न्हाई म्हून लिंबाखाली बसून होतो. गावचे बैल रंगवून, झुली घालून म्होरून चालले होते. एक बी थांबून बघत न्हवता. अन् भाऊ होता. मी पुण्याला गेलतो तवा वाटलं सुटला. न्हाई. समोरच्या बाभळीकडं तोंड करून, माझ्याकडं पाठ, तसाच.

तेवढ्यात सटवा आला. खालच्या आळीचा, मेंढरं राखतो. बाजूला बसला. पावसाचं बोलला, लोकरीचं बोलला, मेंढरांच्या खुरांचं बोलला. मला निम्मं ऐकू येत न्हवतं. पर त्याचा एक हात कोपरीच्या खिशावरून निघत न्हवता, ते बघितलं. मंग त्यो कानापाशी आला, उजव्या. म्हणला, "बिभीषणआबा, तुमचं आपरेशन कशाचं झालतं?"

मेव्हणे, तोंडात मुतखडा तयार होता, सुपारीसारखा. भाऊ उभा होता.

मी म्हणलो, "कॅन्सरचं. प्रोस्टेटचं. गाठ काढलीय. फडकं बांधतो. बायकोजवळ जाता येत न्हाई. पर जित्ता हाय."

मोठ्यानं बोललो असणार, मला माझा आवाज कळत न्हाई. म्होरून चाललेली दोन माणसं थांबली. थांबू द्या म्हणलं.

तवा भाऊ वळला. खरं सांगतो, वळाय लागला, खांदा फिरला, गाल दिसला. अन् त्याच येळंला सटवानं खिशातून कागद काढून माझ्या हातात दिला. निळ्या पट्टीचं पाकीट. मी त्याच्याकडं बघितलं. परत वर बघतो तर नुसती बाभळ. भाऊचं तोंड बघायचं ऱ्हाऊन गेलं.

सटवाला वाचता येत न्हाई. मला इंग्रजी येत न्हाई. रविवारच्या गाडीनं त्याला घिऊन तुमच्याकडं येतो. त्यो इचारंल. त्याला सांगा.

तुमचा,
बिभीषण